मैदानावरची नेमून दिलेली जागा

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये कलर गार्डसाठी निवड झाली की मुलांच्या हाती झेंड्याच्या आधी नियमपुस्तिका पडते. शेवटच्या पानावर विद्यार्थ्याची आणि पालकांची सही लागते. आत काय असते? सरावाला ठरलेल्या वेळेच्या आधी हजर राहायचे. नखांना रंग नको. कानात, बोटांत, गळ्यात काही घालायचे नाही. च्युइंगगम चघळायचे नाही. गणवेश घातला की पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही, आणि घालायचा तर पूर्ण, अर्धामुर्धा घालून फिरायचे नाही. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही. झेंडा जमिनीवर टाकायचा नाही. दुसऱ्या शाळेचे पथक मैदानावर असेल तर प्रेक्षागृहात जागेवरून उठायचे नाही.

पहिल्यांदा वाचताना हे सगळे जाचक वाटते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर हमखास वाटते. पण यातल्या बहुतेक नियमांमागे नेमके कारण आहे. काही कारणे शरीराची आहेत, काही गणिताची आणि काही दीडशे वर्षांपूर्वीच्या युद्धभूमीवरची. नियम छापले जातात, कारणे छापायची राहून जातात. कारण कळले की तोच नियम मुले मनापासून पाळतात, असे मला ठामपणे वाटते. म्हणून या लेखात भर कारणांवर आहे.

आधी कलर गार्ड म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मार्चिंग बँड असतो. शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना असतो, त्याच्या मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो आणि वाजवत वाजवत वेगवेगळ्या आकृत्या रचतो. वादकांसोबत त्याच आकृत्यांमध्ये काही मुले-मुली हातात वाद्य न घेता उतरतात. त्यांच्या हातात सुमारे सहा फुटी दांड्यांवरचे रेशमी दिसणारे रंगीत झेंडे असतात, लाकडाच्या बनावट रायफली असतात, बोथट पात्याच्या तलवारी असतात. संगीताचा भाव ते अंगाने आणि या साधनांनी दाखवतात. फिरवणे, फेकणे, झेलणे आणि नाचणे असे सगळे एकाच वेळी चालते. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात ढोलांच्या पुढे ध्वज नाचवणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कामाचा थोडा अंदाज येईल. फक्त इथे प्रत्येक गिरकी मात्रेगणिक आधी लिहून ठरवलेली असते. नोव्हेंबरमध्ये फुटबॉलचा हंगाम संपला की बँडपासून वेगळे होऊन हेच पथक बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानात, ध्वनिमुद्रित संगीतावर स्वतःचा प्रयोग करते. त्याला विंटर गार्ड म्हणतात. त्याच्या स्पर्धा घेणारी विंटर गार्ड इंटरनॅशनल ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. तिची मुख्य स्पर्धा एप्रिलमध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात भरते.

या खेळकर, रंगीत कलेचे मूळ सैन्यात आहे. पलटणीचे निशाण आणि त्याच्याभोवती पहारा देणारे निवडक सैनिक म्हणजे मूळचा कलर गार्ड. अमेरिकी यादवी युद्धात बंदुकांच्या धुरात काही दिसत नसे, आवाजात हुकूम ऐकू येत नसे. अशा वेळी आपली पलटण कुठे आहे हे सैनिकाला निशाणावरून कळे. निशाण पुढे गेले तर पुढे जायचे, ते थांबले तर तिथे जमायचे. म्हणून शत्रूचा पहिला नेम निशाण धरणाऱ्यावर असे, आणि तो पडला की दुसऱ्याने ते उचलायचे असा दंडक होता. १८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट वॅग्नरवर ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने हल्ला केला. ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण होती. निशाणवाला पडताना दिसताच विल्यम कार्नी या सार्जंटने निशाण हाती घेतले, अनेक जखमा झाल्या तरी ते सोडले नाही आणि जमिनीला लागू न देता परत आणले. या पराक्रमासाठी त्याला १९०० साली मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक मिळाले. आज एखादी प्रशिक्षक मुलीला सांगते, की झेंडा जमिनीवर लोळू देऊ नकोस, तेव्हा त्या सांगण्यामागे हा इतिहास असतो.

कलर गार्ड सैन्यातून शाळेत आला तो माजी सैनिकांमार्फत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या संघटनांच्या शाखांनी गावोगावी ढोल आणि ब्यूगल वाजवणारी पथके उभी केली. त्यांच्या स्पर्धांत वादनाआधी तपासणी होई. बूट चमकतात का, बटणे लावली आहेत का, टोपी सरळ आहे का हे पाहून चूक दिसली की गुण कापले जात. पथकाने राष्ट्रध्वज सन्मानाने आणला पाहिजे आणि त्याच्याभोवती पहारा ठेवला पाहिजे, अशाही अटी होत्या. साधारण १९७० नंतर या अटी सैल होत गेल्या, नृत्य आणि नाट्य आत आले, गणवेशाची जागा प्रयोगाला साजेशा पोशाखाने घेतली. तरी वेळेचा काटेकोरपणा, सावधान उभे असताना न हलणे, हुकूम मिळाल्याशिवाय रांग न मोडणे या सवयी टिकल्या.

एक फरक इथे लक्षात ठेवायला हवा. अमेरिकी राष्ट्रध्वजाची आचारसंहिता १९२३ साली तयार झाली आणि १९४२ साली काँग्रेसने ती कायद्यात आणली. ती राष्ट्रध्वजापुरती आहे. कलर गार्डमधले निळे-जांभळे झेंडे त्या कायद्याखाली येत नाहीत, आणि राष्ट्रध्वज गरागरा फिरवणेही शिष्टाचारात बसत नाही. सामन्याच्या सुरुवातीला राष्ट्रगीताच्या वेळी राष्ट्रध्वज घेऊन येणारे लष्करी गणवेशातले विद्यार्थी बहुधा ज्युनियर आरओटीसी या लष्करी प्रशिक्षण शाखेचे असतात. त्यांच्याही पथकाला कलर गार्डच म्हणतात, त्यामुळे नव्या पालकांचा गोंधळ होतो. पण रंगीत झेंडा जमिनीवर टाकू नये याला इतिहासाखेरीज व्यवहाराचेही कारण आहे. ओल्या गवतावर पडलेले कापड पाणी पिते, जड होते आणि पुढच्या गिरकीत दांड्याला गुंडाळते. चकाकणारे लामे कापड तर एका खड्यानेही फाटते. म्हणून सराव संपला की झेंडा झटकून, कोरडा करून, गुंडाळून पिशवीत ठेवायचा असतो.

आता हजेरीचा नियम घेऊ. मुलांची आणि पालकांची सर्वांत जास्त तक्रार याच नियमाबद्दल असते, आणि या लेखात मला सर्वांत जास्त सांगायचे आहे तेही त्याच्याबद्दलच.

अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेघ असते. बँडची कवायत या रेघांवर बसवतात. पाच यार्डांत आठ पावले हे प्रमाण माप आहे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलगा असो की बुटकी मुलगी, पाऊल तेवढेच. कवायत रचणारा संगणकावर प्रत्येक आकृतीत प्रत्येक माणसाची जागा ठरवतो. त्या जागेला बोलताना डॉट म्हणतात. प्रत्येकाकडे स्वतःच्या डॉटची छोटी वही असते. तिच्यात लिहिलेले असते: चौदावी आकृती, डाव्या बाजूची चाळीस यार्डांची रेघ, तिच्या बाहेर दोन पावले, पुढच्या खुणेच्या मागे चार पावले, इथे पोहोचायला सोळा मात्रा. एका प्रयोगात अशा कित्येक डझन आकृत्या असतात. ही वही सरावाला आणणे सक्तीचे असते, कारण तिच्याशिवाय मुलाला आपली जागा सांगता येत नाही, आणि एकाच्या जागेवरून शेजारचे दोघे आपले अंतर मोजतात.

फुटबॉलच्या संघात अकरा जण मैदानात असतात आणि बरेच जण बाकावर. एखादा आजारी पडला तर दुसरा जातो. कलर गार्डमध्ये सहसा बाकच नसतो. वीस जणांचे पथक असेल तर आकृतीत वीस ठिपके असतात. एक जण आला नाही तर वर्तुळाला खिंडार पडते आणि प्रेक्षागृहात उंचावर बसलेल्या परीक्षकाला ते पहिल्या नजरेत दिसते. त्याहून मोठी अडचण देवाणघेवाणीची. अनेक प्रयोगांत एकाने फेकलेला झेंडा दुसऱ्याने झेलायचा असतो. झेलणाराच नसेल तर फेकणाऱ्याचा सराव वाया जातो. काही शाळा एक-दोन राखीव सदस्य ठेवतात, त्यांनाही सगळ्या जागा पाठ कराव्या लागतात. पण कोण कधी येणार नाही हे आधी कळले तरच राखीव माणूस उपयोगी पडतो. म्हणून नियमपुस्तिकेत सकारण गैरहजेरी आणि बिनकारण गैरहजेरी यांची वेगळी व्याख्या असते, आणि दोन्हींसाठी आधी लेखी कळवणे आवश्यक मानतात. वाढदिवसाची पार्टी, नोकरीची पाळी, गृहपाठ राहिला ही कारणे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. आजारपण, घरातला मृत्यू, धार्मिक सण ही चालतात. बिनकारण गैरहजेऱ्या वाढल्या तर त्या मुलीला प्रयोगातला तो भाग किंवा पूर्ण प्रयोगच सोडावा लागतो. मला हा नियम कठोर वाटत नाही. रोज येणाऱ्या एकोणीस मुलांच्या श्रमाची किंमत ठेवायची तर याहून सौम्य नियम करता येत नाही.

वेळेआधी येण्याचेही असेच. कलर गार्डच्या जगात सगळीकडे एक समज रुजलेली आहे, की नेमक्या वेळेला येणारा उशिरा आलेला असतो. चार वाजताचा सराव म्हणजे चार वाजता पहिली मात्रा. त्याआधी केस बांधायचे, बूट घालायचे, झेंडा उलगडायचा, दांड्याच्या टोकाची रबरी टोपी घट्ट आहे का पाहायचे, सुटलेली चिकटपट्टी नव्याने गुंडाळायची, पाण्याची मोठी बाटली भरायची. उशिरा येणाऱ्याचा अंग मोकळे करण्याचा व्यायाम बुडतो, आणि थंड स्नायूंनी केलेली पहिली उंच फेक खांद्याला किंवा मनगटाला महागात पडते.

सरावात बोलायचे नाही, हा नियम बाहेरून पाहणाऱ्याला लष्करी वाटतो. पण शंभर यार्डांच्या उघड्या मैदानावर प्रशिक्षक लाउडस्पीकरवरून सूचना देत असतात, त्याच भोंग्यातून लय मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक चालू असते, आणि सूचना बहुतेक वेळा एका आकड्याची असते: सहाव्या मात्रेवर, सातव्या नाही. शेजारणीशी बोलताना तो आकडा हुकला की सगळ्यांना ती आकृती पुन्हा करावी लागते. थांबल्यावर मागच्या जागेवर पळत परत जायचे, चालत नाही, हाही नियम त्यातलाच. तीन तासांच्या सरावात परत जाण्यात जाणारा वेळ वाचवला तर प्रत्यक्ष कामाला कितीतरी जास्त वेळ मिळतो.

आता रायफलीकडे येऊ, कारण सुरक्षेचे बहुतेक नियम तिच्यामुळे आले. ही रायफल म्हणजे साधारण तीन फुटी लाकडी ठोकळा. तिच्यात नळी नाही, घोडा नाही, काही उडत नाही. वजन किलोच्या आसपास किंवा थोडे जास्त. ती हवेत किती फेऱ्या घेते यावरून फेकीचे नाव ठरते: तीन फेऱ्यांची, चार फेऱ्यांची, सरावलेल्या पथकांत सहा फेऱ्यांची. संगीताची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर तीन मात्रा म्हणजे दीड सेकंद. दीड सेकंद हवेत राहण्यासाठी रायफल हाताच्या वर सुमारे नऊ फूट जावी लागते. चार मात्रा राहायची तर सुमारे सोळा फूट. गुरुत्वाकर्षणाला यात सूट नाही. उंची चुकली की वेळ चुकतो, वेळ चुकला की दहा जणांचे झेल एका आवाजात पडत नाहीत. आणि सोळा फुटांवरून हातात परत येताना तिचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो, शिवाय ती गोल फिरत असते. अशा दहा रायफली एकाच वेळी वर असतात.

हे डोळ्यांसमोर आणले की नियमांची यादी आपोआप तयार होते. फिरवणाऱ्यांच्या रांगेतून कुणीही आडवे चालत जायचे नाही. दोघांमध्ये झेंड्याच्या पूर्ण वर्तुळाएवढे अंतर ठेवायचे. केस घट्ट बांधायचे, कारण मोकळी वेणी दांड्यात अडकते. अंगठी नको, कारण लाकूड आणि अंगठी यांच्या मध्ये बोट चिरडते. लोंबते कानातले तर झेंड्याच्या कापडात अडकून पाळी फाटू शकते. च्युइंगगम नको, कारण नाचताना, उडी मारताना, तोंडावर काही आदळले तर ते घशात जाऊ शकते. सॅंडल नको, पायाची बोटे झाकणारे बूट हवेत. फेक वाकडी गेली तर ती वाचवायला दुसऱ्याच्या वर्तुळात धावायचे नाही. ओरडून सावध करायचे आणि रायफल पडू द्यायची. नवशिक्या मुलांना हे शेवटचे सर्वांत अवघड जाते. पडणारी वस्तू धरायला हात आपोआप पुढे जातो. तो आवरायला शिकवावे लागते, आणि चांगले प्रशिक्षक ते पहिल्याच आठवड्यात शिकवतात. प्रशिक्षक हजर नसताना रायफल किंवा तलवार उंच फेकायची नाही, हा नियम मात्र कुठल्याही सबबीवर मोडू नये. ओठ फुटणे, डोळा काळानिळा होणे, बोटाचे हाड मोडणे या जखमा या खेळात अनोळखी नाहीत.

दुसऱ्याच्या सामानाला हात न लावण्यामागेही हेच आहे. दांड्यात टोकांना बोल्ट घालून प्रत्येक जण आपल्या हाताला जमेल असा तोल साधतो. पकडीच्या जागी चिकटपट्टीची खूण करतो. दुसऱ्याने तो झेंडा घेऊन आपटला, पट्टी सरकली, तर प्रयोगात हात चुकीच्या जागी पडतो. म्हणून प्रत्येक साधनावर क्रमांक असतो, आणि काहीही झाले तरी साधनावर बसायचे नाही, त्याला टेकून उभे राहायचे नाही.

आणि तरीही प्रयोगात झेंडा पडतो. डेटनच्या अंतिम फेरीतही पडतो. पडल्यावर काय करायचे, यासाठी वेगळे नियम आहेत आणि मला ते या कलेतले सर्वांत समंजस नियम वाटतात. चेहरा बदलायचा नाही. साधन पायाशी असेल तर संगीतातली योग्य जागा पाहून, हालचालीचाच भाग वाटेल असे वाकून उचलायचे आणि पुढच्या मात्रेला सामील व्हायचे. ते दुसऱ्याच्या वाटेत घरंगळले असेल तर त्याच्या मागे जायचे नाही; रिकाम्या हातांनी नृत्य पूर्ण करायचे, मागे ठेवलेले राखीव साधन मिळेल तेव्हा घ्यायचे. मैदानाबाहेर येईपर्यंत रडायचे नाही. बाहेर आल्यावर कुणी कुणाला दोष द्यायचा नाही.

पूर्वीच्या स्पर्धांत चुकीगणिक गुणाचा दहावा भाग कापला जाई. परीक्षक मैदानात फिरत आणि चुका टिपत. १९८०च्या दशकात ती पद्धत मागे पडली. आता साधनांवरचे प्रभुत्व, शरीराची हालचाल, रचना आणि एकंदर परिणाम असे भाग वेगवेगळे पाहिले जातात, आणि काय साधले ते मोजले जाते. एक झेल सुटला म्हणून प्रयोग बुडत नाही, सुटल्यावर चेहरा पडला तर मात्र तो परिणाम सगळ्या पथकावर होतो. वेळेच्या मर्यादेबाबत मात्र दंड आजही आहे. विंटर गार्डमध्ये पथकाला आत येणे, जमिनीवर रंगवलेले मोठे आच्छादन अंथरणे, प्रयोग, आच्छादन गुंडाळून बाहेर पडणे हे सगळे ठरलेल्या वेळेत करावे लागते. म्हणून ते आच्छादन गुंडाळण्याचाही सराव होतो आणि त्यात कोणी कुठला कोपरा धरायचा हे लिहिलेले असते. आग, स्फोटके, जिवंत प्राणी प्रयोगात आणायला मनाई आहे. शाळेच्या व्यायामगृहाच्या लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून साधनांची टोके मऊ झाकलेली असावी लागतात.

दिसण्याच्या नियमांबद्दल माझे मत मिश्र आहे. सरावाला अंगाबरोबरचे काळे कपडे घालायला सांगतात, कारण सैल कपड्यात कोपर वाकले आहे की ताठ हे प्रशिक्षकाला दिसत नाही. प्रयोगात ठळक रंगभूषा करतात, कारण प्रेक्षक शंभर फुटांवर असतात आणि स्टेडियमच्या दिव्यांत चेहरे पुसट होतात. नखांचा रंग, मनगटाचा दोरा हे एकसारखेपणात खुपते. इथपर्यंत कारणे पटतात. पण घट्ट आणि गुळगुळीत अंबाडा हा एकच केशविन्यास सर्वांना लावणे अन्यायाचे आहे. कृष्णवर्णीय मुलींच्या वेण्या आणि कुरळे केस त्या साच्यात बसत नाहीत. केसांच्या नैसर्गिक पोतावरून किंवा वेण्यांवरून वांशिक भेदभाव करायला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली केला, टेक्सासने २०२३ साली. कायद्याची वाट न पाहताही, केस चेहऱ्यावर येऊ नयेत आणि दांड्यात अडकू नयेत एवढी अट पुरते. हिजाब घालणाऱ्या मुलीसाठी पोशाखाला जुळणारे डोक्याचे वस्त्र शिवता येते. पोशाख अंगाला घट्ट असतो आणि मुले अडनिड्या वयाची असतात. तेव्हा कुणाच्या वजनावर बोलणे नियमपुस्तिकेतही असू नये आणि प्रशिक्षकाच्या तोंडीही. पोशाख मुलांच्या मापाने शिवायचा असतो, मुले पोशाखाच्या मापाची करायची नसतात.

गणवेशात न खाण्याचे कारण साधे: तो शाळेचा असतो, महाग असतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला घालायचा असतो. दुसऱ्या शाळेच्या प्रयोगात उठायचे नाही, टाळ्या सर्वांना वाजवायच्या, समाजमाध्यमांवर कुणाची निंदा करायची नाही, हे सभ्यतेचे नियम आहेत आणि त्यांना वेगळ्या समर्थनाची गरज नाही.

नियमपुस्तिकेतल्या रॅगिंगविरोधी कलमाबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. २०११ साली फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या नावाजलेल्या मार्चिंग बँडमधला एक ड्रम मेजर, म्हणजे बँडचे नेतृत्व करणारा विद्यार्थी, बसमध्ये सहकाऱ्यांच्या मारहाणीत मरण पावला. तो बँडचा एक ‘रिवाज’ होता. बँड दीड वर्षाहून अधिक काळ बंद ठेवावा लागला आणि सहकाऱ्यांवर खटले झाले. ते विद्यापीठ होते, पण हायस्कूलच्या बँडसाठीही तो धडा आहे. नव्या सदस्याला जुन्यांची कामे करायला लावणे, रात्री बोलावून घेणे, गमतीच्या नावाखाली अपमान करणे यांपैकी काहीही घडले तर मुलाने कॅप्टनची परवानगी न घेता थेट मोठ्यांना सांगावे. एरवी तक्रारीची उतरंड कॅप्टन, प्रशिक्षक, बँड संचालक अशी असते. या एका बाबतीत ती पाळायची नाही, आणि पालकांनी मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे.

अभ्यासाचा नियम राज्यागणिक बदलतो. टेक्सासचा सर्वांत प्रसिद्ध आहे. १९८४च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तिथे ‘नापास झालात तर खेळ नाही’ हा नियम आणला. एखाद्या विषयात ७०पेक्षा कमी गुण पडले तर विद्यार्थ्याला स्पर्धेत उतरता येत नाही. सुरुवातीला ही बंदी सहा आठवड्यांची होती, १९९५ साली ती तीन आठवड्यांवर आली. त्या काळात सराव करता येतो, प्रयोग नाही. म्हणजे बीजगणितात एक जण घसरला तरी ऑक्टोबरच्या स्पर्धेत आकृतीला खिंडार पडते. म्हणूनच अनेक पथकांत मोठी मुले लहानांना बसच्या प्रवासात गणित शिकवताना दिसतात. दुसऱ्या बाजूने त्याच राज्यात शाळेच्या आठवड्यात शाळेच्या तासांबाहेर सरावाला आठ तासांची मर्यादा आहे. मुलांचा वेळ अमर्याद मागता येत नाही, हे तिथे नियमानेच ठरलेले आहे आणि ते योग्य आहे.

पैशांचे थोडक्यात. सरकारी शाळेत शिक्षण मोफत असले तरी कलर गार्डचे बूट, हातमोजे, सरावाचे कपडे, पोशाख, प्रवास यांचा वर्षाचा खर्च अनेक ठिकाणी काही शे डॉलरपर्यंत जातो. पालकांचे मंडळ सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थांचे दुकान चालवून, गाड्या धुऊन निधी जमवते. परवडत नसेल तर बँड संचालकांना खासगीत सांगता येते. बहुतेक शाळांत त्यासाठी सोय असते, पण संकोचामुळे काही कुटुंबे ती वापरत नाहीत.

डॅलस, ह्यूस्टन, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांना या नियमपुस्तिकेतली एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी लागते, ती म्हणजे वेळापत्रक. निवड चाचणी बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होते. बँड कॅम्प जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लागतो आणि संपूर्ण प्रयोगाचा पाया तिथेच घातला जातो. नेमकी हीच आपली भारतभेटीची वेळ. विमानाची तिकिटे जानेवारीत काढलेली असतात आणि मुलीची निवड मे महिन्यात होते. मग ऑगस्टच्या मध्यावर परतलेली मुलगी पहिल्याच दिवशी कित्येक आकृत्या मागे असते. गणेशोत्सवात आणि दिवाळीत हाच पेच पुन्हा येतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार स्पर्धांचे असतात. धार्मिक सणासाठी सवलत मिळते, पण ती आधी मागितली तरच. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सांगितले तर संचालकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

मूल कलर गार्डमध्ये जाणार असेल तर सही करण्याआधी त्याच्यासोबत बसून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचा. लक्ष्मीपूजन कोणत्या वारी आहे, भारतातून परत कधी येणार, हे त्याच आठवड्यात संचालकांना लेखी कळवा. ज्या नियमाचे कारण समजत नाही त्याचे कारण प्रशिक्षकांना विचारा. चांगला प्रशिक्षक ते आनंदाने सांगतो. आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या शुक्रवारी मध्यंतराच्या आधी स्टेडियममध्ये पोहोचा, जमेल तेवढ्या वरच्या रांगेत बसा. खालून फक्त आपले मूल दिसते, वरून पूर्ण आकृती दिसते.